सात नारळ कमी

फेब्रुवारीची अकरा तारीख, नारळ तीनशे अठरा, आणि हजर माणसं तीन: मी, माझी बायको सुनंदा आणि झाडावर धर्मा. हे माझ्या वहीत आहे म्हणून सांगतो. आई त्या आठवड्यात तळा गावी मावशीकडे गेली होती, ती असती तर पुढचं काही झालंच नसतं.

मी चौलचाच. वाडी आजोबांच्या वेळची, आज नारळाची तेवीस झाडं आहेत, बाकी सुपारी. तिशीत मस्कतला गेलो आणि एकोणीस वर्षं एका बांधकाम कंपनीच्या गोदामात काढली. काम काय, तर सामान द्यायचं आणि सही घ्यायची, एक बोल्ट कमी भरला तरी तो माझ्या पगारातून जायचा, तेव्हा मोजायची सवय लागली ती लागलीच. दोन वर्षांनी एकदा सुनंदाला घेऊन यायचो, महिनाभर पाहुण्यासारखा राहायचो, आई शहाळं फोडून हातात द्यायची. वाडी कशी चालते ते कधी विचारलं नाही. काय सांगू तुम्हाला, माणूस घरी परत येतो तेव्हा त्याला वाटतं, आपलं घर आहे, आपल्याला सगळं ठाऊक आहे.

कायमचा आलो आणि महिन्याभरात धर्माला नारळ पाडायला बोलावलं. धर्मा रेवदंड्याच्या वाटेवर राहतो, वय माझ्याएवढंच, त्याचे वडील गेल्यापासून आमची झाडं तोच चढतो. त्याची मजुरी झाडामागं एक नारळ, तेही त्यानं स्वतः ढिगातून निवडून घ्यायचे, हे मला माहीत होतं. सकाळी आला, म्हणाला, दादा, आता कायमचे ना? मी म्हटलं कायमचा. बरं झालं म्हणाला, आई रोज वाट बघायची, आणि कोयता कमरेला लावून चढला.

डोक्यात पडू नये म्हणून मी लांब उभा राहून आवाजावर मोजत होतो, धप्प की एक रेघ, धप्प की एक रेघ. तीनशे अठरा रेघा झाल्या. सुनंदानं ढीग लावला, तो मोजला तर तीनशे अकरा. मी म्हटलं धर्मा, सात कमी भरतात. तो म्हणाला, नीट मोजा. परत मोजले, तीनशे अकराच. तो घाम पुसत म्हणाला, मग बरोबर हाय की. मी म्हटलं बरोबर कसं, सात कुठं गेले, आणि तोंडातून निघून गेलं की तुझ्या तेवीसातून सात वळते करतो, तू सोळा घे.

सुनंदानं माझी बाही ओढली, पण बोलून झालं होतं.  धर्मा म्हणाला, मस्कतला असंच करत असतील, शेठ. सोळाही नकोत, ठेवा तुम्हाला. सकाळी दादा होतो, दुपारी शेठ झालो. तो गेला तो गेलाच. नंतर निरोप पाठवला तर सांगितलं, सवड न्हाय. पुढच्या पाडणीसाठी दुसरा माणूस बघितला, तो म्हणाला धर्माची झाडं मी चढत नाही.

आई आली, तिला वही दाखवली. ती म्हणाली, अरे, कुंपणाकडची सात झाडं कुठं वाकलीत? मी बघितलं तर सातही शेंडे पलीकडं, शेजारच्या नंदाकाकूंच्या अंगणावर. आई म्हणाली, ज्याच्या अंगणावर झाड वाकतं त्याला झाडामागं एक नारळ जातो, तुझ्या आजोबांपासून जातो, धर्मा वरूनच त्यांच्याकडं टाकतो. तुझ्या वहीत तो आवाज आला, नारळ कसा येईल? आणि पुढं म्हणाली, मला ताप भरला तेव्हा रात्रीची रिक्षा करून अलिबागला नेलं ते नंदानं, आणि मागं वाडी राखली ती धर्मानं. तू तेव्हा फोनवर होतास.

एवढंच म्हणाली. 

दुसऱ्या दिवशी पोत्यात तीस नारळ भरून धर्माच्या दारात गेलो. म्हटलं चुकलो. त्यानं पोतं ओतलं आणि एकेक हातात घेऊन मोठ्यानं मोजायला लागला, सगळी आळी ऐकत होती. तेवीसवर थांबला. उरलेले सात पोत्यात घालून माझ्यापुढं सरकवले. झाडं तेवीस हाईत, म्हणाला, जास्तीचं आपल्याला नको. बायकोला म्हणाला, दादांना चहा ठेव.

परवा परत नारळ पाडले. मी तिथंच होतो, वही घरात ठेवून. धर्मा वरून ओरडला, दादा, मोजताय ना? मी काही बोलायच्या आत कुंपणापलीकडून नंदाकाकू म्हणाल्या, अरे, हिकडं आठ पडलेत, एक परत नेतोस का मस्कतवाल्या? आई ओट्यावर हसत होती. मी म्हटलं, राहू दे काकू.

संध्याकाळी वहीत लिहिलं: धर्माला तेवीस, नंदाकाकूंना आठ.