नव्या विमानाचं रबर

मी सुनंदा, बेलापूरच्या दिवाळे गावची, बा माजा मिठागरात, आई खाडीवर, आनि मी लगीन होऊन तुर्भ्याला रबराच्या कारखान्यात लागले. कारखाना म्हंजे काय, एक गाळा, आमी मूठभर बायका. काय सांगू तुमाला, मना वाटलं कुकरच्या रिंगा बनवतात. शेठ हसले, म्हनाले, बाई, ही विमानाची रिंग हाय. लढाऊ विमान चालवायला शिकतात ना पोरं, त्या शिकाऊ जेटच्या काचेच्या झाकनाला ही चारी बाजूनं बसते, वर हवा पातळ, आतली निसटली तर जीव घाबरा होतो.

बरीच वर्सं तेच काम केलं. मंग ती विमानं म्हातारी झाली, सरकार म्हनालं, आता बास, नवी आनू. बरोबरच हाय, थकलेल्या विमानावर पोरांनी किती शिकायचं? पन आमचं पोट त्याच विमानावर. एक दिवस शेठनी सगळ्यांना चहा सांगितला आनि स्वताचा कप तसाच ठेवला, आमी समजलो, काम संपलं. माजी मैत्रीन फातिमा, उरनची, म्हनाली, सुनंदा, आता डबे चालू करू आपन. आता हिचा साधा भात करपतो, आनि ही डबे करनार! मी रडता रडता हसले.

आनि बघा, नव्या विमानाच्या रिंगेचा नमुना करून द्या म्हनून विमान बनवनाऱ्या कंपनीचा निरोप आला. रबर वेगळं, साचा वेगळा, झाकन मोठं. रिंगेची दोन टोकं चिकटवून जोड लावला की चाचनीत हवा सुटायची, फुस्स. आमची इंजिनिअर केतकी, खारघरची पोर, ती साच्याचा ताप कमीजास्त करायची, मी जोड तिरपा कापायची, कधी ती चुकायची, कधी मी, फातिमा दोगींना शिव्या द्यायची. एका दुपारी हवा भरली आनि दाबाचा काटा जागचा हलेचना. केतकी किंचाळली, काकी, जोड धरला! शेठ नाचले वो, चष्मा पडला तरी नाचत होते.

पुढं काम आमालाच मिळालं, आनि हवाई दलाच्या तळावर आमाला बोलावलं. फातिमानं इतकं अत्तर लावलं की पहारेवाला शिंकला. तिथं हेल्मेट काखेत धरून एक पोरगी आली, सोलापूरकडची, नव्या विमानावर शिकत होती. म्हनाली, मावशी, तुमी केलीय ही रिंग? या, हात लावा. मी लावला. मंग ती आत बसली, झाकन लागलं, विमान असं काय उठलं, फातिमानं माजा हात सोडलाच नाय ती परत उतरेपर्यंत. उतरली, झाकन उघडलं, आनि आमच्याकडं बघून हात हलवला तिनं, आमी दोगी येड्यासारख्या टाळ्या वाजवत होतो.

आता गुडघे बोलतात, पन गाळ्यात रोज जाते. रिंग पेटीत ठेवताना हळूच म्हनते, जा गो बाय, लांब लांब जा, आनि जेवायच्या टायमाला घरी ये.