हंगामी जिराफ

मी : म्हणजे आजारी पडायचं बक्षीस मिळालं तिला! सरळ तसं म्हण ना!

आत्या : हळू बोल. बाहेर शिलाईच्या बायका बसल्यात. आणि कावीळ काय हौसेनं होते का कुणाला? वर्ष गेलं पोरीचं.

मी : वर्ष गेलं म्हणूनच तर माझ्या वर्गात आली ना! एकाच बाकावर बसतो आम्ही. गणितं माझ्या वहीतली बघून सोडवते. आणि सुट्टी लागली की तीच जिराफ तुझ्या गणवेशाच्या कारखान्यात काज-मशीनची महाराणी! आणि मी कोण? गठ्ठ्यांना चिंध्या बांधणारी.

आत्या : चिंध्या बांध असंही मी म्हटलेलं नाही. तूच रोज उठून येतेस. आणि जिराफ काय जिराफ? चांगलं नाव आहे तिला.

मी : सगळा वर्ग म्हणतो, तिलाही चालतं. विषय बदलू नकोस. ह्या कारखान्यात मी रांगलेय, आत्या. माझा पहिला दात त्या मशीनच्या पायावर आपटून पडला. आणि ही काल आली, तर हिच्यासाठी टेबलाखाली विटा लावून उंची वाढवली! गळ्यात फोटोचं कार्ड! आणि तुझी कात्री. तुझी कात्री, आत्या! मी नुसती उचलली तरी किंचाळतेस तू.

आत्या : कारण तू त्या कात्रीनं कागद कापतेस. धार जाते.

मी : एकदाच कापला होता! पाचवीत होते!

आत्या : हे बघ चिमणे, तिला अठरा पूर्ण आहेत. तुला सतरा. अठराच्या आतल्या कुणाला चालत्या मशीनवर बसवायचं नाही. मी नाही ठरवलं, कायद्यात आहे.

मी : कायदा परक्यांसाठी. मी घरची आहे.

आत्या : घरची आहेस म्हणून तुझी बोटं काय लोखंडाची आहेत? गेल्या हंगामात त्या काजवाल्या बाईच्या बोटातून सुई आरपार गेली, विसरलीस? शाळा उघडेपर्यंतच तर काम आहे, लिखापढी कशाला, असं म्हणाले होते मी. मग तिच्या नवऱ्यानं विचारलं, हिच्या औषधपाण्याचं कोण बघणार? आणि ती माझ्याकडे कामाला होती हे सांगणारा एक चिटोरा नव्हता माझ्यापाशी. त्या कामगार निरीक्षकांसमोर कशी उभी राहिले ते माझं मला माहीत. म्हणून यंदा हंगामी बाई असो की कायमची, नेमणुकीचा कागद द्यायचा. दर सगळ्यांना एकच. आठवड्याची सुट्टी म्हणजे सुट्टी. संध्याकाळी वेळ झाली की मशीन बंद.

मी : आणि ती तुला आत्या म्हणते, तेही कागदात लिहिलंय का?

आत्या : अगं, म्हणते. म्हणू दे की!

मी : का म्हणू दे? माझ्या बाबांची बहीण आहेस तू. तिला काकू म्हणता येतं, बाई म्हणता येतं, मॅडम म्हणता येतं. जगात एवढे शब्द पडलेत, तिला नेमका माझाच कसा सापडला?

आत्या : बाई गं! एवढं लागलंय का तुला हे?

मी : मला काही लागलेलं नाही. मी फक्त विचारतेय.

आत्या : मग तोंड फुगवून विचारू नकोस. तो गठ्ठा दे इकडे, मुलांच्या शर्टांचा. परवा शाळेत पोचवायचेत. ... हे काय?

मी : काय?

आत्या : काजं उजव्या पट्टीवर आहेत. मुलांच्या शर्टाला काज डाव्या पट्टीवर लागतं. मुलींच्या उजव्या. हा बघ, हाही तसाच. अरे देवा, अख्खा गठ्ठा असाच! कापलेलं काज बुजवता येत नाही गं. कुणी केलं हे?

मी : मला काय माहीत? काज-मशीनवर कोण बसतं? जिराफ बसते. तिनंच केलं असणार.

आत्या : तिनं? पहिल्या दिवसापासून एक चूक नाही तिची.

मी : हो, ती चुकणारच नाही! ती तर आभाळातून पडलीय! विचार ना तिला फोन करून.

आत्या : आज सुट्टी आहे तिची. सुट्टीच्या दिवशी कामाचा जाब विचारायला नाही फोन करणार मी. उद्या विचारते. पण असली चूक... एवढे शर्ट वाया गेले, तर हिला पुढे ठेवायचं की नाही, विचारच करावा लागेल.

(दारात जिराफ उभी असते. हातात रिकामी पिशवी.)

जिराफ : माझा डबा राहिला होता काल. न्यायला आले.

आत्या : ये. आलीच आहेस तर हे बघ.

जिराफ : हे मी नाही केलेलं, मॅडम.

आत्या : आज मॅडम?

जिराफ : कामाचं बोलतोय आपण. काल मशीन बंद करून निघाले तेव्हा हा गठ्ठा बांधलेला होता. चिंधीची गाठपण सुटली नव्हती.

मी : म्हणजे काय, शर्टांनी स्वतःची काजं स्वतः करून घेतली?

जिराफ : ते तू सांग. मी जिन्यात होते तेव्हा तू वर येत होतीस.

मी : मी रोजच येते!

आत्या : मी शाळेत माल द्यायला गेले होते तेव्हा. बायकाही गेल्या होत्या. चिमणे?

जिराफ : टेबलावर शर्ट पालथा न घालता सरळ ठेवला, की आपल्या डाव्या हाताला येते ती पट्टी उजवी असते. घालणाऱ्याची उजवी. नवीन माणसाचं इथेच चुकतं.

मी : आली मोठी शिकवणारी! हो, मी केलं! बघायचं होतं मला, तुला जमतं ते मला जमतं का! चांगली आलीत ना काजं? बघ की! एकही दोरा लोंबत नाही. बाजू चुकली फक्त.

जिराफ : काजं चांगली आलीत.

मी : तुझं सर्टिफिकेट नकोय मला! एवढा राग आलाय तर भांड ना माझ्याशी! नाहीतर चूक अंगावर घ्यायची होतीस. तू लाडकी आहेस. तुला काय बोलणार होती ती?

जिराफ : मी का सांगू? माझ्यावर आलं तर उद्यापासून मी घरी. पुढच्या हंगामाला कोण बोलावेल मला? तुझ्यावर आलं तर मॅडम दोन दिवस तुझ्याशी बोलणार नाहीत. तिसऱ्या दिवशी तुम्ही एका ताटात जेवाल.

आत्या : पुरे आता दोघींचं. चिमणे, इकडे ये.

मी : ओरड तू. मला चालेल.

आत्या : हात दाखव.

मी : काय?

आत्या : हात. दोन्ही. पालथे कर. बोटं पसर. ... कुठे टोचलं नाही ना? एकटी होतीस तू इथे. सुई गेली असती तर किंचाळलेलं ऐकायलाही कुणी नव्हतं.

मी : नाही टोचलं.

आत्या : हंगाम संपेपर्यंत ह्या खोलीत पाऊल टाकायचं नाहीस. खोटं बोललीस त्याचं आपण घरी बोलू.

मी : आत्या...

आत्या : नाही म्हणजे नाही.

जिराफ : मुलींची ऑर्डर अजून कापायची आहे ना? कापड हेच आहे, कॉलरही हीच. मुलींच्या शर्टाला खिसा नसतो एवढंच. ह्यांचे खिसे उसवले, वाफ दिली की टाक्यांची भोकं बुजतील. हे मुलींना जातील. मुलांचे नवीन कापून घ्यायचे.

आत्या : खरंच की! सुचलं कसं नाही मला? पण परवा काही होत नाही. शाळेला सांगावं लागेल, दोन दिवस थांबा म्हणून.

जिराफ : मी बसते आत्ता उसवायला.

आत्या : आज तुझी सुट्टी.

जिराफ : बदली सुट्टी द्या नंतर.

आत्या : तू बसायचं नाहीस. उसवणार ही. घरी, जेवायच्या टेबलावर. खिसे उसवायला मशीन लागत नाही. तू डबा घे आणि जा घरी. मी शाळेला फोन करून येते.

मी : बघितलंस? मला शिक्षा आणि तुला सुट्टी!

जिराफ : हं.

मी : हसू नकोस.

जिराफ : हसत नाहीये. त्यांनी तुझे हात पाहिले ना, ते बघत होते. मला कार्ड दिलं, विटा लावल्या, सगळं दिलं. चांगल्या आहेत त्या. पण असे हात नाही बघितले कधी.

मी : तुझे कशाला बघेल? तू चुकतच नाहीस.

जिराफ : तसं असेल.

मी : आत्या म्हण तिला परत. मॅडम फार विचित्र वाटतं.

जिराफ : तुला चालेल?

मी : नाही चालणार. तरी म्हण.

जिराफ : तुझा वाढदिवस कधी असतो गं?

मी : थंडीत. का?

जिराफ : म्हणजे पुढच्या हंगामाला तू अठराची असशील.

मी : असेन की! मग बघ! मग कागद, कार्ड आणि मशीन, सगळं... तू अशी काय बघतेस?

जिराफ : मशीन एकच आहे.

मी : मग आपल्यातलं कोण बसणार?

जिराफ : गठ्ठा कितीही मोठा असला तरी बाजू चुकत नाही, अशी माझी एक युक्ती आहे. मीच शोधलीय.

मी : कोणती? सांग ना!

जिराफ : आत्ता नाही. पुढच्या हंगामाला मला बोलावलंत, तर सांगेन.