चोथा कुणाच्या दारात

चीनमधल्या चेंगदू शहरात वैद्यांच्या रांगेत माझ्यापुढे शाओदादा आणि त्यांच्या शेजारीण निंगबाई उभ्या होत्या.

“महिनाभर करडईच्या फुलांचा काढा पितोय, निंगबाई. रक्त काही खेळत नाही, बोटं अजून गारच.”

“उकळलेला चोथा रस्त्यावर टाकता ना? जो तुडवेल, तो दुखणं घेऊन जातो.”

“न चुकता टाकतो. पहाटेच, कुणी बघायच्या आत.”

“कुठे?”

“तुमच्या दारापुढे वर्दळ जास्त, म्हणून...”

“अगबाई! तो मेला चोथा तुमचा होय?”

“रागावलात?”

“छे हो! मी रोज उठल्या उठल्या झाडून तुमच्या पायरीवर लोटते.”

“माझ्या? मग तो तुडवतं कोण?”

“कोण म्हणजे? सकाळी फिरायला पहिले तुम्हीच बाहेर पडता ना!”