सुट्या नाण्यांची माळ

रोसेंदा: नाही, औषध नको. तुम्ही दुकान कधीच बंद केलंत, ते ठाऊक आहे मला. मी माळ विचारायला आलेय.

डॉन आबेलार्दो: कसली माळ?

रोसेंदा: चाचाल. लग्नात नवरीच्या गळ्यात घालतात ती. लाल मणी आणि चांदीची जुनी नाणी. माझ्या आईची होती.

एर्लिंदा: अहो, आधी आत तर घ्या तिला. बाहेर चिपीचिपी पाऊस लागलाय, आणि तुम्ही दारात कसल्या चौकशा करताय? ये गं, बस. कोको घेशील ना? नाव काय तुझं?

रोसेंदा: रोसेंदा कुकूल. वरून आले, वेलदोड्याच्या मळ्यांपलीकडून. माझ्या लेकीचं लग्न ठरलंय, दोन्या एर्लिंदा.

एर्लिंदा: माझं नाव कसं माहीत तुला?

रोसेंदा: आई सांगायची. तुम्ही मला दुकानाच्या काउंटरवर निजवलं होतंत म्हणे. मी चार वर्षांची होते, तापानं फणफणलेली. लष्कर डोंगरात चढलं, त्या साली. आम्ही रानात लपलो होतो. तिथून आईनं मला पाठीला बांधून इथं कोबानपर्यंत आणलं.

एर्लिंदा: त्या साली फार जणी आल्या, बाळ.

डॉन आबेलार्दो: फार. दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. औषध हवं, आणि जवळ काही नाही. मग गळ्यातलं काढून ठेवायच्या. पण मी कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही.

रोसेंदा: आईनं आपणहून काढली, का तुम्ही मागितलीत?

डॉन आबेलार्दो: मी मागत नसे. त्याच ठेवायच्या.

एर्लिंदा: माळा पुन्हा त्यांच्याकडे सारता आल्या असत्या. यांनी सारल्या नाहीत. मीही तिथंच उभी होते, मीही सारल्या नाहीत.

रोसेंदा: भांडायला नाही आले मी. जगले ना मी, तुमच्याच औषधानं. आई म्हणायची, औषधवाल्याला जुन्या नाण्यांचा नाद आहे, तो माळ वितळवायचा नाही, जपून ठेवील. मरेपर्यंत म्हणायची.

डॉन आबेलार्दो: नाही वितळवलं. एकसुद्धा नाही.

रोसेंदा: म्हणजे आहे?

डॉन आबेलार्दो: आहे म्हणजे... नाणी आहेत.

एर्लिंदा: दाखवा की मग. चाळीस वर्षं येईल-जाईल त्याला दाखवताय, हिलाच काय लपवायचं?

डॉन आबेलार्दो: ये, या खोलीत ये. हे कपाट बघ. वरचे खण स्पेनच्या राजांचे. इथं पेरू देशाची नाणी, ती इकडे फार चालायची. आणि हा खण... मध्य अमेरिका सगळी मिळून एकच देश होता, तेव्हाचा. हे बघ, पाच डोंगर, मागून सूर्य वर येतोय. उलट्या बाजूला झाड. वर्षांप्रमाणे ओळीनं लावलीत, मध्ये एक वर्ष गाळलेलं नाही. राजधानीतून माणसं येतात हा खण बघायला.

रोसेंदा: सुंदर आहेत. माळा कुठे आहेत?

डॉन आबेलार्दो: संग्रहात माळ अशी ठेवत नाहीत. नाणी सुटी करायची असतात. मग राजा कुठला, टांकसाळ कुठली, साल कुठलं, त्याप्रमाणे लावायची.

रोसेंदा: म्हणजे आईची माळ या सगळ्या खणांत पांगलीय?

डॉन आबेलार्दो: असणार.

रोसेंदा: पण तिची कुठली, ते तुम्हाला माहीत असेल.

डॉन आबेलार्दो: नाणं कुठल्या साली पडलं, ते विचार. कुणाच्या गळ्यातून आलं, ते नाही सांगता येणार. तुलाच काही आठवत असेल तर बघ. एखादं दबलेलं, एखादं घासलेलं...

रोसेंदा: मांडीवर निजले की गालाला गार लागायचं. एवढंच आठवतं.

एर्लिंदा: घे, हातात घेऊन बघ. घाई नाही.

रोसेंदा: सगळीच गार आहेत, दोन्या एर्लिंदा. आणि ही आमच्याकडची नव्हेतच. यांना भोकं नाहीत. माळेत ओवायचं तर भोक लागतं.

डॉन आबेलार्दो: होती भोकं.

रोसेंदा: होती म्हणजे?

डॉन आबेलार्दो: भरून घेतली. भोक पडलेल्या नाण्याला संग्रहात किंमत नसते. उजेडात धर. राजाच्या डोक्यावर बघ, तिथं रंग किंचित वेगळा दिसेल.

रोसेंदा: दिसतोय. बोटाला लागत नाही.

डॉन आबेलार्दो: सोनार फार कसबी होता.

एर्लिंदा: करा, अजून त्याचंच कौतुक करा.

डॉन आबेलार्दो: मग काय करू? रोसेंदा, असं कर. तुझी तू निवड. एक चांगली भरगच्च माळ होईल एवढी घे. हवी ती घे, मी हात धरणार नाही.

रोसेंदा: आणि ती दुसऱ्याच कुणाच्या आईची निघाली तर? तिलाही लेक असेल. तिचंही लग्न निघेल. उद्या ती याच दारात येऊन उभी राहिली तर तिला काय सांगाल?

डॉन आबेलार्दो: इतक्या वर्षांत कुणी आलं नाही.

रोसेंदा: येतील कशा? कितीतरी जणी रानातून परतल्याच नाहीत. ज्या उरल्या, त्यांनी गृहीत धरलं की माळ मुशीत गेली. तुमच्यावर भरवसा फक्त माझ्या आईचा होता.

एर्लिंदा: ऐकलंत?

डॉन आबेलार्दो: ऐकतोय. मी बहिरा नाही झालो अजून. मुलगा राजधानीत एका संग्रहालयाशी बोलतोय, एर्लिंदा, तुलाही माहीत आहे. सगळं एकत्र जाईल, काचेत राहील, खाली माझं नाव. मी हे जपलं म्हणून आज आहे. नाहीतर यातलं एक दिसलं नसतं कुणाला.

रोसेंदा: खरं आहे ते. म्हणून तर मागायला येता आलं.

डॉन आबेलार्दो: मग सांग. तूच सांग काय करू.

रोसेंदा: सगळ्यांच्या माळा करा. होतील तेवढ्या. ही अमकीची, ती तमकीची, असं काही नको. आमच्या संताची मूर्ती ज्या घरात असते, त्या कोफ्रादियाच्या घरात ठेवू. ज्या घरी लग्न, त्यांनी न्यायची, नवरीला घालायची, परत आणून ठेवायची. कुठल्या ना कुठल्या लग्नात ज्याची त्याला भेटेल.

डॉन आबेलार्दो: सगळी?

रोसेंदा: आमच्या गळ्यांतून आली तेवढी.

डॉन आबेलार्दो: मग या कपाटात उरलं काय?

एर्लिंदा: खण उरतील. चादरी ठेवीन मी.

डॉन आबेलार्दो: चेष्टा नको करूस. माझं आयुष्य आहे हे.

एर्लिंदा: चेष्टा नाही करत. त्या साली दुकानात आलेल्या बायकांची तोंडं मला अजून दिसतात. तुम्हाला नाणी दिसतात. एवढाच फरक आपल्यात.

रोसेंदा: यातलं तुमचं सगळ्यात आवडीचं कुठलं?

डॉन आबेलार्दो: हे. डोंगर आणि सूर्य, पहिल्या वर्षातलं. इतकं स्वच्छ दुसरं मी पाहिलं नाही.

रोसेंदा: ते ठेवा तुम्ही.



डॉन आबेलार्दो: नको. एक ठेवलं तर उरलेल्या दिवसांत त्याच्याकडेच बघत बसेन. हे तुझ्या लेकीच्या माळेत घाल, मधोमध. तो सोनार गेला, पण त्याचा जावई बसतो बाजारात. भोकं त्याच्याकडून पाडून घेऊ. कुठं पाडायची, ते मी खूण करून देतो. मुलाला मीच सांगेन. तो रागावेल.

एर्लिंदा: रागावू दे. मणी मी ओवते. डोळे आहेत अजून.

डॉन आबेलार्दो: लग्न कधी आहे?

रोसेंदा: इस्टर झाल्यावर. तुम्ही दोघं या. टर्कीचा काकइक रस्सा करणार आहोत, घरच्या मिरचीचा.

डॉन आबेलार्दो: मी? तुमच्या गावात? त्या साली दुकानात आलेल्या काही जणी असतील अजून. मला बघून काय म्हणतील त्या?

रोसेंदा: म्हणायचं ते म्हणतील. मग जेवायला वाढतील.