मुहूर्ताची इंजेक्शनं

—नाही, बसा ताई, मी सरकते ना, इतकं पोट घेऊन उभ्या काहून राहता? तुमचा बाळंतपणाचा दवाखाना तर हाच, याच माळ्यावर. माझं वरती आहे, तिथं बसायला जागा नाही म्हणून इथं. हो, तेच, मनाचे डॉक्टर. माझ्यासाठी नाही, भावासाठी. ऋषिकेश. सतरा वर्षांचा आहे. खाली स्कूटीवर बसून आहे, हेल्मेट घालून. गर्दीत गेला की काढतच नाही तो हेल्मेट. तीनदा आलो आम्ही इथं धंतोलीत, तिन्ही वेळा पहिल्या पायरीवरून परत. आज म्हणाला, "मुग्धाताई, तू वर जाऊन बस, मी आपल्या मनानं येतो. खाली पाहू नको फक्त." म्हणून बसली आहे अशी, जिन्याकडे पाठ करून. नाही पाहत मी. आला पाहिजे आज. बारावी आहे त्याची.

हातात काय तुमच्या? चिठ्ठी — हळदीचं बोट लागलेली — सिझेरियनचा मुहूर्त, शुक्रवार, अकरा बेचाळीस. कितवा आठवडा? पस्तिसावा! अन् बीपी वाढलं? पाणी कमी झालं? काहीच नाही? मग सासूबाई खाली मेडिकलमध्ये काय आणायला गेल्या — फुफ्फुसं पिकवायची इंजेक्शनं, बरोबर? पिकवायची! आंबे आहेत का ते, कार्बाइडची पुडी ठेवून पिकवायला? माफ करा, तुमच्यावर नाही चिडली मी. पण ही पिवळी चिठ्ठी पाहिली ना, की मला राहवतच नाही.

कारण आमच्या घरी पण अशीच आली होती. दत्तोपंत गुरुजींनी काढून दिलेली. मी सात वर्षांची होती. आजी सगळ्या गल्लीत सांगे, "राजयोगावर आणून राहिलो नातवाले!" — आणून राहिलो, जसं काही पार्सल येणार होतं. आईला दोन दिवस इंजेक्शनं टोचली, बॅग भरली, पेढे सांगून ठेवले. अन् ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गावाहून, खाप्याहून फोन — आजोबांचे चुलतभाऊ रुपराव वारले. झालं! सुतक. "सुतकात कसं आणायचं बाळाले?" मुहूर्त रद्द. बाळ बिचारं आत आरामात, त्याला ना राजयोग माहीत ना सुतक. महिनाभरानं आईला आपोआप कळा आल्या, पूर्ण दिवस भरून — अमावस्येला! तेव्हा कोणी विचारलं का हो, की मग ती इंजेक्शनं कशासाठी दिली? कोणीच नाही. पेढे मात्र वाटले.

ऐका, इंजेक्शन वाईट नाही. बाळ खरंच लवकर येणार असेल तर त्यानंच जगतं ते, डॉक्टर देतात ते बरोबरच. पण ज्याला घाईच नव्हती त्याला? स्टेरॉइड आहे ते, आईला टोचलं तरी बाळाच्या मेंदूपर्यंत जातं. मी एम.एस्सी. केलं बायोकेमिस्ट्रीत, वाचलं आहे — ज्यांना पोटात ते मिळालं अन् जी नंतर पूर्ण दिवसांची जन्मली, त्या मुलांमध्ये पुढे घाबरणं, अस्वस्थ राहणं थोडं जास्त दिसलं. थोडं. सगळ्यांना होत नाही. त्याच्यामुळंच होतं, असंही कोणी छातीठोक सांगत नाही. पण आमचा ऋषी दहावीच्या पेपरात वीस मिनिटांत उठून आला, घामानं उत्तरपत्रिका ओली. कुकरची शिट्टी झाली की बाथरूममध्ये कडी लावून बसतो.

अन् आता नवीनच धरलं त्यानं. म्हणतो, "ताई, मी तर आधीच बिघडून आलो, डॉक्टर काय करेल?" कोणीतरी सांगितलं त्याला. घरात बोलण्यातून कळतंच ना — कोणी म्हणजे — बरं, मीच. मीच सांगितलं. तो इंजेक्शनांवरचा संशोधनाचा पेपर वाचला तेव्हा माझं डोकंच फिरलं. जेवताना बाबांच्या ताटाशेजारी आपटला, म्हटलं, बघा, तुमच्या मुहूर्तानं काय केलं ते! ऋषी समोरच होता, हातात पोळी. "थोडं", "सगळ्यांना नाही" — यातलं काहीच नाही बोलली मी तेव्हा. बाबांना हरवायचं होतं मला. ऋषीनं पोळी खाली ठेवली.

पण चूक त्यांचीच ना, ताई? अजून आजी म्हणते, अमावस्येचा आहे म्हणून असा आहे! घाण वाटते मला त्या घराची, त्या पंचांगाची, त्या पेढ्यांची. सोन्यासारखं पोर जन्माआधीच नासवून ठेवलं, अन् आता घ्या, बिघडलेला पोरगा आहे आमच्या पदरात, जन्मभर —

काय झालं? माझ्या मागे काय पाहून राहिल्या तुम्ही?

कोण? ऋषी?

कधीपासून उभा होता?

हेल्मेट — काढलं होतं त्यानं? हातात होतं? नक्की पाहिलं तुम्ही, हातात?

जिन्यात कोणीच नाही आता.

स्कूटीची चावी माझ्याजवळ आहे. पायीच गेला असेल.

तुमचं नाव पुकारून राहिले आत, सासूबाई पण आल्या पुडकं घेऊन. इंजेक्शन कशाला ते डॉक्टरला विचारा, नाहीतर नका विचारू, मला काही सांगू नका. जा तुम्ही. जा ना, ताई.