वसंताचा समुद्री रेडिओ

तुम्ही आत्ता घड्याळ घेताना 'पाणी लागलं तर चालेल का' विचारलंत ना, त्यावरून आमचा शेजारी वसंता आठवला.

कोकणातल्या मेहुण्यानं त्याला समुद्रात होडी वल्हवायला बोलावलं होतं. वसंतानं समुद्र पाहिला होता तो कॅलेंडरवर. "वादळाची बातमी होडीतच समजाले पाहिजे गा," म्हणाला आणि पाण्यानं न बिघडणारा, हातात मावेल असा रेडिओ घ्यायला मला सीताबर्डीच्या बाजारात घेऊन गेला.

दुकानदारानं चहूबाजूंनी रबर लावलेला एक पिवळा रेडिओ काढला. वसंताचं आपलं एकच चाललं होतं, "याच्यात पाणी तं नाही जाईन ना?"

"थेंब नाही जाणार भाऊ. गेलं तर दुसरा देतो."

तिथून आम्ही थेट सक्करदऱ्याच्या तळ्यावर गेलो. मी म्हटलं, "हातात धरून बुडवून पाहा."

"काहून? समुद्र का हात धरून बुडवते?" असं म्हणून त्यानं चालू रेडिओ लांब पाण्यात भिरकावला. आतलं गाणं पाण्यात शिरलं ते शिरलंच. रेडिओ काही वर आला नाही. तो तरंगतो का, हे आमच्यापैकी कोणीच विचारलं नव्हतं.

आम्ही तसेच दुकानात परत.

"डुबला तुमचा रेडिओ," वसंता तणतणत म्हणाला.

"आत पाणी गेलं?"

"मले का मालूम? तो तळ्याच्या बुडाशी पडून आहे."

"मग घेऊन या ना," दुकानदार शांतपणे म्हणाला. "पाणी गेलं असन तर लगेच दुसरा देतो."