अकरावा केक

दुकानाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या, माझ्याहून थोड्या लहान. धाकटीच्या हातात तांदळाच्या पिठाचा पुडा होता.

"लेकीसाठी पुन्हा केक? कितवा गं हा?"

"अकरावा, ताई. गहू नाही, दूध नाही, अंडं नाही. पहिल्या नऊंची तर भिंत बांधता आली असती. दहावा कुठे जरा फुगला."

"मग खाल्ला तिनं?"

"छान दिसतोय म्हणाली. आणि पिशवीतून स्वतःचा डबा काढला."

"अजून तेच धरून बसलीय?"

"गहू सोसत नाही म्हणायची ते नखरे समजून तिच्या जेवणात गुपचूप गव्हाचं पीठ मीच घातलं होतं ना? चार दिवस दवाखान्यात होती पोर."

"झाली चूक. आई आहेस तू तिची."

"म्हणून तर, ताई. डब्यातलं काढून घ्यायला तिला ताटली दिली, स्वच्छ घासून. तिनं ती पुन्हा धुतली."